मेणाच्या मुखवट्यांची जन्मदात्री : मादाम तुसाँ

एखाद्या कलावंताचा किंवा खेळाडूचा मेणाचा पुतळा उभा राहणार, अशी बातमी आली की त्याच्या मोठेपणावर शिक्कामोर्तब झाले, असे आपण मानतो. २००० साली अमिताभ बच्चन, २००९ साली सचिन तेंडुलकर आणि २०१२ साली माधुरी दीक्षित यांच्या पुतळ्यांचे कौतुक मराठी घराघरांत झाले. हे पुतळे उभारणाऱ्या लंडनच्या संग्रहालयाचे नाव आपल्याकडे कुणी तुसाद म्हणतो, कुणी तुसाँ. पुष्कळांना ते एखाद्या कंपनीचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका कष्टकरी बाईचे नाव आहे. तिची आई दुसऱ्याच्या घरी घरकाम पाहत होती. तिने स्वतः राजाच्या आणि राजाला मारणाऱ्यांच्याही चेहऱ्यांचे साचे काढले, चाळिशीत चार वर्षांच्या मुलाला घेऊन परका देश गाठला आणि पुढची ३३ वर्षे गावोगाव फिरून पोट भरले. १६ एप्रिल १८५० रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी तिने लंडनमध्ये देह ठेवला, तेव्हा तिचे प्रदर्शन त्या महानगरातील एक प्रमुख आकर्षण बनले होते.

वैद्याच्या घरातील शिकवणी

मारी ग्रोशोल्झ हे तिचे माहेरचे नाव. १ डिसेंबर १७६१ रोजी स्ट्रासबर्ग येथे तिचा जन्म झाला. वडील सैनिक होते आणि आपल्या जन्मापूर्वीच ते गेले, असे तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले. आई अॅन-मारी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात डॉ. फिलिप कर्टियस यांच्याकडे घर सांभाळण्याच्या कामाला लागली. हे कर्टियस व्यवसायाने वैद्य होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीराची रचना समजावी म्हणून ते मेणाचे अवयव घडवीत. त्या काळी शवे मिळणे कठीण आणि मिळाली तरी टिकत नसत. मेणाचे हृदय किंवा मेणाचे यकृत मात्र वर्षानुवर्षे मेजावर राहू शकत असे.

अवयव घडवता घडवता कर्टियस माणसांचे चेहरे घडवू लागले. त्यांची कीर्ती फ्रान्सच्या राजघराण्यातील एका सरदाराच्या कानी गेली आणि त्याच्या आमंत्रणावरून १७६५ साली ते पॅरिसला गेले. काही काळाने मारी आणि तिची आईही तेथे पोहोचल्या. या मुलीची बोटे कामाला योग्य आहेत, हे कर्टियस यांनी ओळखले आणि तिला विद्या द्यायला प्रारंभ केला. ज्या काळात मुलींना कारागिराच्या कार्यशाळेचे दार सहसा उघडत नसे, त्या काळात ती शरीररचना, साचेकाम आणि रंगकाम शिकली.

ही विद्या वाटते तितकी सोपी नव्हे. जिवंत माणसाचा ठसा घ्यायचा तर आधी चेहऱ्याला तेल लावायचे, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या बसवायच्या आणि मग वरून ओले प्लास्टर थापायचे. ते घट्ट झाले की अलगद उतरवायचे. ठसा शक्य नसेल तर मोजमापे घेऊन मातीचा चेहरा घडवायचा आणि त्यावरून साचा काढायचा. साच्यात वितळलेले मेण ओतले की कडेचा थर आधी घट्ट होतो. मधले पातळ मेण ओतून टाकले की पोकळ शिर हाती येते. नंतर काचेचे डोळे बसवायचे, त्वचेचा रंग चढवायचा आणि गरम सुईने एकेक केस रोवायचा. मेणात प्रकाश किंचित आत शिरून परततो, त्यामुळे त्वचेसारखी सजीव झाक येते. दगडाला किंवा धातूला ती साधत नाही.

या गुणाबरोबर मेणाचा दुबळेपणाही आला. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, पण त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ पडून आकार सोडू लागते. वैशाखात ४५ अंश ओलांडणाऱ्या जळगाव-भुसावळच्या उन्हात बंद खोलीतला मेणाचा चेहरा किती दिवस तग धरील, हे सांगायला नको. आपल्या मुलखाने घडवण्यासाठी माती निवडली ती उगीच नव्हे. पोळ्याचे बैल मातीचे, भुलाबाई मातीची आणि गणपतीही मातीचा. मेण आपल्याला ठाऊक होते, ते ओतीव कामासाठी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, या विधीचे वर्णन आहे. त्या रीतीत मेण शेवटी निघून जाते आणि धातू उरतो. कर्टियस यांच्या घरात मात्र मेण हीच अखेरची वस्तू होती.

राजाच्या पंगतीचा देखावा

१७७७-७८ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, मारीने विचारवंत व्होल्तेअर यांचा पुतळा केला. तो तिचा पहिला महत्त्वाचा पुतळा मानला जातो. रूसो आणि अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन यांचे चेहरेही तिच्या नावावर आहेत.

कर्टियस यांची पॅरिसमध्ये दोन दालने होती. एकात प्रतिष्ठितांचे पुतळे आणि राजघराण्याच्या भोजनाचा देखावा होता. राजाराणी जेवताना कसे बसतात, काय नेसतात, हे सामान्य माणसाला थोड्या पैशांत डोळे भरून पाहता येत असे. दुसऱ्या दालनात नामांकित चोर आणि खुनी होते. त्याला ‘महाचोरांची गुहा’ असे नाव होते. एका बाजूला सिंहासन आणि दुसऱ्या बाजूला फाशीचा खांब, अशी ही मांडणी होती. तिचा मथितार्थ मारीने चांगलाच मनात ठेवला. माणसाला थोरांच्या जवळ जायचे असते आणि दुष्टांच्याही. फक्त दोन्ही ठिकाणी त्याला सुरक्षित अंतर हवे असते.

या दालनाशी हिंदुस्थानचाही संबंध आला. १७८८ साली म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे वकील इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी फ्रान्सच्या दरबारी गेले. इकडे पुण्यात तेव्हा नाना फडणवीसांचा कारभार होता. त्या वकिलांचा पोशाख, दाढ्या आणि रुबाब यांनी पॅरिस वेडे झाले आणि त्यांच्याही मेणाच्या प्रतिमा लोकांपुढे आल्या. छायाचित्र नव्हते आणि वर्तमानपत्रांत चित्रे क्वचितच असत. अशा काळात मेणाचे दालन हेच लोकांचे सचित्र वृत्तपत्र होते. वाचता न येणाऱ्यालाही तेथे जगाची बातमी कळत असे.

राजाची बहीण मादाम एलिझाबेथ हिला कलेचे धडे देण्यासाठी आपण व्हर्सायच्या राजवाड्यात नऊ वर्षे राहिलो, असे मारीने पुढे सांगितले. राजवाड्याच्या दप्तरात या वास्तव्याची नोंद मात्र सापडत नाही. तिच्या आठवणी वाचताना हे भान ठेवावे लागते. ती उत्तम कारागीर होती, तशीच उत्तम जाहिरातकारही होती.

क्रांतीच्या वणव्यात

१२ जुलै १७८९ रोजी घडलेल्या घटनेला मात्र भरपूर साक्षी आहेत. लोकप्रिय अर्थमंत्री नेकर यांना राजाने बडतर्फ केल्याची वार्ता पॅरिसमध्ये पसरली. संतप्त जमाव कर्टियस यांच्या दालनावर आला आणि त्याने नेकर व ऑर्लियाँचा ड्यूक यांची मेणाची शिरे मागून घेतली. ती उंच धरून मिरवणूक निघाली. सैनिकांशी चकमक झाली, रक्त सांडले. दोनच दिवसांनी बास्तियचा तुरुंग पडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पहिल्या मिरवणुकीत अग्रभागी होती ती मेणाची शिरे. त्यानंतर भाल्यांच्या टोकांवर खरी शिरे दिसू लागली.

कर्टियस यांनी वारा ओळखून क्रांतिकारकांशी मैत्री केली. राजघराण्याच्या भोजनाचा देखावा लोकप्रिय होता, तोच आता जिवावर बेतणारा ठरला. देखाव्यातील माणसे बदलत गेली. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा आणि १६ ऑक्टोबर रोजी राणी मारी आंत्वानेत हिचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. जुलैत क्रांतिनेता मारा याचा त्याच्याच घरी, स्नानाच्या टबात खून झाला. पुढच्या वर्षी, २८ जुलै १७९४ रोजी, ज्याच्या आज्ञेने असंख्य शिरे उडाली, त्या रोबेस्पिएरचेही शिर उडाले.

यातील अनेकांचे मृत्युमुखवटे आपण काढले, असे मारीने सांगितले. तुटलेले शिर मांडीवर घेऊन ठसा घ्यायचा आणि ज्यांच्याशी कधी बोललो त्यांचे मिटलेले डोळे मेणात उतरवायचे, असे ते काम होते. स्वतः तुरुंगात गेल्याचे आणि गिलोटिनच्या तयारीसाठी आपले केस कापले गेल्याचेही तिने नमूद केले. इतिहासकार यातील काही गोष्टी स्वीकारतात, काहींविषयी शंका घेतात. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. त्या वर्षांत पॅरिसमध्ये हा व्यवसाय करणाऱ्याला सत्ताधाऱ्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. मारलेल्याचा मुखवटा काढायचा, उद्या मारणाऱ्याचाही काढायचा, आणि दोघांच्या बाबतीत हात सारखाच स्थिर ठेवायचा. तिला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. तिच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, याचे उत्तर देणे तितके सोपे नाही.

१७९४ च्या सप्टेंबरात कर्टियस निवर्तले. त्यांनी आपले सारे पुतळे आणि साचे मारीच्या नावे केले. वारसा मोठा होता, पण दहशतीतून बाहेर पडलेल्या पॅरिसमध्ये प्रेक्षक उरला नव्हता. कर्जाचा बोजाही होता.

संसार मागे, समुद्र पुढे

१७९५ साली मारीने फ्रान्स्वा तुसाँ या अभियंत्याशी विवाह केला. पहिली मुलगी जगली नाही. १७९८ साली जोसेफ आणि १८०० साली फ्रान्सिस हे दोन मुलगे झाले. नवरा व्यवहारात कच्चा निघाला. घर आणि दालन चालविण्याचा भार तिच्यावरच पडला.

१८०२ साली फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात अल्पकाळ तह झाला. फिलिपस्टाल नावाचा एक खेळवाला पडद्यावर भुताखेतांच्या प्रकाशचित्रांचा खेळ करीत असे. त्याने मारीला लंडनला येण्याचे सुचविले. नफ्यातील निम्मा वाटा त्याचा, असा करार झाला. धाकट्या मुलाला आई आणि नवऱ्याजवळ ठेवून, थोरल्या चार वर्षांच्या जोसेफचा हात धरून, साचे आणि पुतळे पेट्यांत भरून ती निघाली. इंग्रजी तिला येत नव्हते. थोडे पैसे मिळवून परत यायचे, एवढाच बेत होता.

ती परत गेली नाही. तह मोडला, युद्ध पुन्हा पेटले. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात तिला जाहिरातीत दुय्यम स्थान मिळाले, कमाईचा मोठा हिस्सा भागीदाराच्या खिशात गेला. एडिंबरोला तिने स्वतंत्रपणे प्रदर्शन मांडले आणि १८०४ साली त्या करारातून ती मोकळी झाली. पॅरिसचे दालन नवऱ्याच्या हातून गेले. नवऱ्याची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. फ्रान्सिस आईजवळ आला तो १८२० नंतर, तरुण झाल्यावर. मागे ठेवलेल्या लेकराला आईचा चेहरा पुन्हा दिसायला सुमारे वीस वर्षे गेली. इतरांचे चेहरे जपणाऱ्या या बाईच्या आयुष्यातील सर्वांत जड किंमत कदाचित हीच असावी.

तेहतीस वर्षांची जत्रा

आपल्याकडे धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा असो की अमळनेरची संत सखाराम महाराजांची, यात्रेत तंबू ठोकणाऱ्या खेळवाल्यांचे जीवन खानदेशाला परिचित आहे. एका गावचा मुक्काम हलवायचा, सामान लादायचे, पुढच्या गावी नवी जागा शोधायची, फलक लावायचे आणि पहिल्या दिवशी गर्दी होईल की नाही या काळजीत बसायचे. मादाम तुसाँने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये हेच ३३ वर्षे केले. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणे केले, तेव्हा ही फ्रेंच बाई त्याच इंग्रजांच्या देशात गावोगाव घोडागाड्या हाकीत होती.

तिच्या खेळात आणि इतर खेळवाल्यांच्या खेळात एक फरक होता. ती तंबूऐवजी सभागृह भाड्याने घेई. दिव्यांची आरास, वाद्यवृंद आणि प्रत्येक पुतळ्याची हकिगत सांगणारी छापील पुस्तिका, असा थाट असे. मध्यमवर्गीय कुटुंबांनी मुलाबाळांसह यावे आणि काही शिकून गेल्याचे समाधान घ्यावे, ही तिची दृष्टी होती. तुटलेली शिरे आणि गुन्हेगार वेगळ्या खोलीत असत आणि त्या खोलीसाठी सहा पेन्स जादा मोजावे लागत. ताजेपणाकडे तिचे बारीक लक्ष असे. एडिंबरोतील कुख्यात खुनी बर्क याला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि काही आठवड्यांतच त्याचा पुतळा तिच्याकडे उभा होता. ज्याचे नाव लोकांच्या तोंडी नाही, त्याची जागा दुसऱ्याला मिळे.

संकटे आलीच. १८३१ साली ब्रिस्टल शहरात राजकीय सुधारणांच्या मागणीवरून मोठी दंगल उसळली, जाळपोळ झाली आणि तिचे प्रदर्शन थोडक्यात बचावले. क्रांतीतून सुटून आलेल्या बाईला सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा ज्वाळा पाहाव्या लागल्या.

बेकर स्ट्रीटची मालकीण

१८३५ साली वयाच्या ७३ व्या वर्षी तिने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमचे बस्तान बसविले. दोन्ही मुलगे कामाला जोडले गेले होते. १८३८ साली राज्याभिषेक झालेल्या व्हिक्टोरिया राणीचा देखावा मांडला गेला आणि पॅरिसमधील राजघराण्याच्या पंगतीची परंपरा नव्या राणीसह पुढे चालू राहिली. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन स्वतः येऊन नेपोलियनच्या पुतळ्यापुढे उभा राहत असे. गुन्हेगारांच्या खोलीला पुढे ‘भयदालन’ हे नाव मिळाले आणि ते कायम झाले. १८३८ साली तिच्या आठवणींचे पुस्तक निघाले. १८४२ साली तिने स्वतःचा पुतळा घडविला: ठेंगणी मूर्ती, डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, अंगात काळा पोशाख. वृद्धापकाळीही दाराशी बसून ती प्रवेशाचे पैसे घेत असे.

तिच्यानंतर

तिच्या नातवाने १८८४ साली संग्रहालय मेरिलबोन रोडवरील आजच्या जागी हलविले. १९२५ साली आग लागली आणि पुतळे वितळले. वॉटर्लूच्या युद्धात हाती लागलेली नेपोलियनची गाडीही भस्मसात झाली. पुष्कळ साचे वाचले, म्हणून १९२८ साली दारे पुन्हा उघडता आली. १९४० साली जर्मन बॉम्बने शिरांचे ३५२ साचे नष्ट केले. तरीही संग्रहालय उभे राहिले. मेणाचा पुतळा नाशिवंत असतो, साचा टिकला तर माणूस पुन्हा उभा करता येतो, हे कर्टियस यांच्या घरी शिकलेले सूत्र वारसांना असे उपयोगी पडले.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या ग्रामीण काँग्रेस अधिवेशनात खानदेशाने ज्यांना डोळ्यांनी पाहिले, त्या महात्मा गांधींचा पुतळा १९३९ साली लंडनमध्ये या संग्रहालयात आला. २०१७ साली दिल्लीत संग्रहालयाची शाखा निघाली आणि मधुबाला, आशा भोसले यांचे पुतळे तेथे झाले. २०२० मध्ये ती बंद पडली आणि २०२२ साली नोएडात नव्याने सुरू झाली. लोणावळ्यातील मेणसंग्रहालयात सहलीला गेलेली मराठी कुटुंबे पुतळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्रे काढतात. पुतळ्यांना हात लावण्याइतकी ही सलगी मादामच्या काळी नव्हती, पण ओढ तीच आहे.

याच खानदेशाने चेहरे घडविणारा एक मोठा हात देशाला दिला. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी १९२५ साली सुतार कुटुंबात जन्मलेले राम सुतार यांनी संसद परिसरातील बसलेले गांधीजी घडविले आणि २०१८ साली उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळाही त्यांच्याच कल्पनेतून साकारला. वयाची शंभरी ओलांडल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ब्राँझ शतकानुशतके ऊन-पाऊस सोसण्यासाठी आहे. चौकात कुणाला उभे करायचे, हे समाज विचार करून ठरवतो आणि तो पुतळा सहसा हलत नाही.

मेणाच्या दालनाचा न्याय वेगळा आहे. तेथे लोकांचे कुतूहल असेतो जागा मिळते, ते ओसरले की पुतळा आत जातो. राजे गेले, रोबेस्पिएर गेला, बर्क गेला, त्यांच्या जागी नट आणि खेळाडू आले. आपल्या काळाचे लक्ष कुणाकडे आहे, याची इतकी रोखठोक नोंद चौकातल्या स्मारकांत सापडत नाही. ही नोंद ठेवण्याची रीत एका घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीने घालून दिली. तिने स्वतः घडविलेल्या तिच्या चेहऱ्याला मात्र त्या दालनात पावणेदोनशे वर्षांनंतरही जागा आहे.